टरफलाबाहेरचं अंडं

फेब्रुवारी १९४६. महायुद्ध संपून सहा महिने उलटले होते. ब्रिटनचे अन्नमंत्री सर बेन स्मिथ यांनी जाहीर केलं, की घरोघरी रेशनवर मिळणारी सुकी अंडी आता बंद होतील. कारण साधं होतं. ही पूड अमेरिकेतून यायची. युद्धकाळात ती ‘लेंड-लीज’ योजनेखाली मिळत होती. ती योजना ऑगस्ट १९४५मध्ये एकाएकी थांबली आणि रोख डॉलर मोजायची ब्रिटनची ऐपत उरली नव्हती. कुठेतरी कात्री लावायलाच हवी होती. जिची चार वर्षं यथेच्छ टिंगल झाली, जिला रबर म्हणून हिणवलं गेलं, ती पिवळट पूड गेल्याचं कुणाला दुःख होईल, असं सरकारला वाटलं नसावं.

झालं उलटंच. बायकांनी गदारोळ केला. वर्तमानपत्रांत पत्रं आली, गृहिणींच्या संघटनांनी आवाज उठवला, संसदेत प्रश्न विचारले गेले आणि सरकारला पूड पुन्हा सुरू करावी लागली. मेअखेर स्मिथ मंत्रिपदावरून गेले. त्यांच्या जाण्याला एकूण अन्नटंचाईच कारणीभूत होती, पण त्यांच्या कारकिर्दीतलं हे प्रकरण लोकांच्या चांगलं लक्षात राहिलं.

स्वयंपाकाच्या इतिहासात मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. नकोशी असलेली वस्तू एकाएकी हवीशी कशी झाली? उत्तर त्या काळातल्या स्वयंपाकघरात आहे. बशीत भुर्जी किंवा ऑम्लेट म्हणून समोर आली, की ही पूड कुणालाच आवडत नसे. पण रविवारचा केक, उरल्यासुरल्या भाकरतुकड्यांचं पुडिंग, माशाचं आवरण, बटाट्याच्या टिक्क्या, मुलांसाठीचे पॅनकेक या सगळ्यांत ती गुपचूप काम करत होती. टिंगल झाली ती ताटात दिसणाऱ्या पुडीची. कपाटातल्या पुडीवर घर चाललं होतं आणि ते फक्त चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला माहीत होतं.

सुकं अंडं म्हणजे दुय्यम दर्जाचं अंडं, हा समज आपल्याकडेही आहे. तो खोडायला मला ब्रिटनच्या या चार-पाच वर्षांइतका चांगला दाखला दुसरा सापडत नाही. म्हणून जरा तिथेच थांबते.

युद्धापूर्वी ब्रिटन आपल्या अन्नाचा बराच मोठा भाग बाहेरून आणत असे. कोंबड्यांचं खाद्यही बोटीतूनच यायचं. ८ जानेवारी १९४०ला रेशनिंग सुरू झालं. खाद्य आणायला बोटी पुरेनात, तेव्हा कोंबड्या कमी कराव्या लागल्या आणि अंडी दुर्मीळ झाली. जून १९४१पासून अंड्यांचं वाटप सरकारने हाती घेतलं. माणशी आठवड्याला एक अंडं, तेही असलं तर. गरोदर बायका आणि लहान मुलांना थोडी जास्त मिळत. परसात कोंबड्या पाळणाऱ्याला दुकानातल्या अंड्यावरचा हक्क सोडला, तर त्या बदल्यात कोंबड्यांसाठी भरडा मिळायचा. अनेक कुटुंबांनी तो सौदा केला.

१९४२च्या मध्याला सुक्या अंड्यांचे डबे दुकानांत आले. एका डब्यात ५ औंस पूड, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. त्यावर छापलेलं असे, की ही १२ अंडी आहेत. एका रेशन कार्डावर चार आठवड्यांना एक डबा. आठवड्याला एक अंडं मिळवणाऱ्या माणसाला महिन्याला आणखी डझनभर अंडी मिळू लागली. हा फरक किती मोठा होता, हे आज समजायला थोडं थांबून विचार करावा लागतो.

अंडं फोडलं, की आत जे असतं त्यातलं पाऊण पाणी असतं. डझनभर अंडी टरफलांसकट सहा-सातशे ग्रॅम भरतात. शिवाय त्यांना खोकी लागतात, भुसा लागतो, थंडावा लागतो आणि वाटेत फुटतात ती वेगळीच. त्यांतलं पाणी आणि टरफल अमेरिकेतच ठेवून दिलं, तर उरतो तो दीडशे ग्रॅमच्या आतला कोरडा ऐवज. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये दबा धरून बसल्या असताना बोटीतली हातभर जागाही मोलाची होती. पाणी वाहून आणण्यात बोटी घालवणं ब्रिटनला परवडणारं नव्हतं. अंड्याची पूड आली ती या गणितातून. चवीचा विचार त्यात नंतरचा.

त्या काळच्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो भारतीय खलाशी होते, हेही इथे सांगायला हवं. कोकणातली माणसं त्यांत होती. रत्नागिरीकडचे लोक डेकवर आणि इंजिनाच्या खोलीत, तर गोव्याचे स्वयंपाकी आणि वाढपी जहाजाच्या किचनमध्ये. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोवेकर खलाशांचे ‘कूड’ होते; दोन फेऱ्यांच्या मधे ही माणसं तिथे उतरत. युद्धात सहा हजारांहून जास्त भारतीय खलाशी समुद्रात मेले. इंग्लंडच्या बेकिंगच्या डब्यात जे अन्न पोचलं, त्याच्या वाहतुकीची किंमत कोकण-गोव्याच्या घरांनीही मोजली आहे. रेशनिंगच्या आठवणी सांगणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत हा भाग फारसा येत नाही.

पूड आली तरी ती वापरायची कशी, हे कुणाला ठाऊक नव्हतं. लॉर्ड वूल्टन तेव्हा अन्नमंत्री होते. त्यांच्या खात्याने शिकवण्याचं काम फार मनावर घेतलं. पत्रकं काढली, दुकानांत प्रात्यक्षिकं ठेवली. बीबीसीवर रोज सकाळी ‘किचन फ्रंट’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम चाले. मार्गरिट पॅटन ही तरुण गृहविज्ञान-तज्ज्ञ लंडनच्या हॅरॉड्समधल्या अन्नखात्याच्या सल्ला केंद्रात काम करायची. पुढे ती ब्रिटनची सगळ्यांत लाडकी पाककृती-लेखिका झाली. या सगळ्यांचा मूळ पाठ एकच होता. सपाट मोठा चमचाभर पूड, दोन चमचे पाणी. मिसळा आणि थांबा. पूड पाणी पिऊन घेईल. मग लाकडी चमच्याने गुठळ्या मोडा, फेटा, आणि ताज्या अंड्यासारखंच लगेच वापरा. केक किंवा पॅनकेक करायचा असेल, तर आधी भिजवायचीही गरज नाही. पूड पिठात कोरडीच चाळून घ्या आणि पाणी तेवढं वाढवा.

यातला ‘थांबा’ हा शब्द बहुतेकांनी सोडून दिला असणार, असं मला खात्रीने वाटतं. सुकवलेल्या प्रथिनांना पाणी परत शोषायला वेळ लागतो. गडबडीत भिजवून तव्यावर टाकलेल्या पुडीचे आतले कण कोरडेच राहतात आणि तोंडात वाळूसारखे लागतात. भुर्जी रवाळ झाल्याचा दोष पुडीला दिला जातो, आणि पाच मिनिटांचा धीर कुणी धरलेला नसतो.

अर्थात सगळा दोष स्वयंपाक करणाऱ्यांचाही नव्हता. पुडीत खरोखरच एक खोट होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

अंडं सुकवण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकातला. अमेरिकेत त्याचे प्रयोग आधी झाले, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बहरला चीनमध्ये. तिथे अंडी स्वस्त होती आणि हात भरपूर होते. १९३०च्या आसपासपर्यंत अमेरिका स्वतःला लागणारी सुकी अंडी मुख्यतः चीनमधूनच आणत असे. मग आयात शुल्क वाढलं, चीनमध्ये युद्ध पेटलं आणि अमेरिकेने आपले कारखाने उभे केले. महायुद्धाने त्यांची संख्या झपाट्याने वाढवली. १९४४पर्यंत अमेरिकेचं वार्षिक उत्पादन ३० कोटी पौंडांच्या घरात गेलं होतं.

पद्धत बघायला गेलं तर आजही तीच आहे. अंडी फोडून, गाळून, एकजीव केलेला द्रव मोठ्या दाबाने बारीक तोटीतून उंच, गरम कोठीत फवारतात. हवा दीडशे-दोनशे अंश सेल्सियसची असते, पण थेंब इतका लहान असतो आणि त्यातलं पाणी इतक्या झपाट्याने उडतं, की तो थेंब स्वतः शिजण्याइतका तापत नाही. काही सेकंदांत तो पूड होऊन खाली बसतो.

खोट होती ती साखरेत. अंड्यात साखर असते हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. फार थोडी असते. डझनभर अंड्यांची मिळून दोनएक ग्रॅम ग्लुकोज. अंडं ओलं आहे तोवर ती निरुपद्रवी. पण पाणी गेलं, की साखर आणि प्रथिनं एकमेकांना चिकटून बसतात आणि हळूहळू त्यांच्यात क्रिया सुरू होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मॅय्यार यांनी १९१२मध्ये वर्णन केलेली ही क्रिया आपल्याला पावाच्या तांबूस कवचात आणि खरपूस भाजलेल्या कांद्यात हवीच असते. बंद डब्यात मात्र ती नासधूस करते. पूड तपकिरी होत जाते, पाण्यात विरघळेनाशी होते, वास जुनाट येऊ लागतो. त्यात बलकाची चरबी हवेतल्या प्राणवायूने खवट होते ते निराळंच. उष्ण गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिलेला डबा आणि नुकताच आलेला डबा यांच्यात म्हणूनच जमीन-अस्मानाचं अंतर असे. एका घरी केक छान झाला आणि शेजारी तोच केक खाववेना, यात नवल काही नव्हतं.

यावर उपाय चिनी कारखान्यांना अंड्याच्या पांढऱ्या भागापुरता अनुभवाने सापडला होता. सुकवण्याआधी ते पांढरं आंबवत. जिवाणू साखर खाऊन टाकत. पुढे हेच काम यीस्टकडून आणि नंतर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाच्या विकराकडून करून घेतलं जाऊ लागलं. साखर काढलेली पूड कितीतरी जास्त टिकते. युद्धातली अख्ख्या अंड्याची पूड बहुतांशी साखर न काढता तयार झालेली होती. तिची बदनामी झाली, त्यात सुकवण्याइतकाच साठवणुकीचा आणि या दोन ग्रॅम साखरेचा वाटा होता.

दुसरी अडचण फेस न धरण्याची. ताजं अख्खं अंडं फेटलं, की फुगतं. पूड तितकी फुगत नाही, कारण फवारताना बलकाची चरबी मोकळी होते आणि फेस मोडते. केंब्रिजच्या लो टेंपरेचर रिसर्च स्टेशनमधले ब्रुक्स आणि हॉथॉर्न यांनी युद्धकाळातच दाखवलं, की सुकवण्याआधी द्रवात साखर मिसळली तर फेस धरण्याची ताकद बरीच शाबूत राहते. अंड्यातली ग्लुकोज घातक आणि बाहेरून घातलेली साधी साखर उपकारक! ग्लुकोज प्रथिनांशी थेट क्रिया करते, साधी साखर करत नाही. इतकाच हा भेद, पण केक फुगेल की बसेल हे त्याच्यावर ठरतं.

तिसरी गोष्ट गंभीर होती. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४७मध्ये सुक्या अंड्यांच्या जिवाणू-तपासणीचा मोठा अहवाल काढला. तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळजवळ दर दहांमागे एकात साल्मोनेला सापडला होता, आणि त्यांत ब्रिटनमध्ये आधी क्वचितच आढळणारे प्रकारही होते. पूड कोरडी असताना हे जिवाणू गप्प असतात. भिजवून कोमट स्वयंपाकघरात तासन्‌तास ठेवली, की वाढतात. ‘लगेच वापरा’ ही पत्रकातली सूचना चवीसाठी आहे, असं कुणी समजलं असेल. ती जिवासाठी होती. पुढे पाश्चरीकरण सक्तीचं झालं. अमेरिकेने १९७०मध्ये त्यासाठी कायदाच केला. सुकं पांढरं तर आज गरम खोलीत पन्नासहून जास्त अंशांवर कित्येक दिवस ठेवून निर्जंतुक करतात, आणि गंमत म्हणजे त्याने त्याची घट्ट होण्याची ताकद उलट वाढते.

इथवर वाचून कुणी विचारेल, की मग आपल्या ओट्यावर या पुडीचं काय काम?

आपण वाळवणाच्या देशातली माणसं आहोत. सुका बोंबील ओल्या बोंबलाची बदली म्हणून कुणी आणत नाही. त्याची चटणी वेगळी, कालवण वेगळं, मान वेगळा. ओल्या बोंबलासारखा तो कुरकुरीत तळायला घेतला, तर निराशाच पदरी पडेल. अंड्याच्या पुडीकडे मी याच नजरेने बघते. भुर्जीसाठी ती नाही. कांदा, मिरची, टोमॅटो, कोथिंबीर सगळं घालून, नीट भिजवून, मंद आचेवर करून पाहिली तरी भुर्जीचा मऊ ओलेपणा येत नाही आणि मागे एक शिजल्यासारखा वास राहतो. उकडलेल्या, तळलेल्या अंड्याचा तर प्रश्नच नाही.

पण जिथे अंडं दिसत नाही आणि काम करतं, तिथे पूड उत्तम. कटलेट आणि कबाब बांधायला. मासे-कोलंबी रव्यात घोळवण्याआधी बुडवायला. बेसनाच्या धिरड्यात दोन चमचे पूड चाळून घातली, तर धिरडं भरीव आणि तांबूस होतं, मुलं आवडीने खातात. पॅनकेक, मफिन, केळ्याचा केक, बिस्किटं, गोड पाव, कस्टर्ड. जिथे बेकिंग पावडर किंवा यीस्ट फुगवण्याचं काम करतं आणि अंड्याने फक्त बांधायचं, रंग आणायचा, चव भरायची, तिथे ताजं आणि सुकं अंडं ओळखायला मी भल्याभल्यांना सांगीन. निव्वळ अंड्याच्या फेसावर उभा राहणारा स्पंज केक मात्र पुडीकडून मागू नये; मागायचाच तर कोमट पाण्यात भिजवून, साखर घालून, नेहमीपेक्षा बराच वेळ फेटावं लागतं.

सुकं पांढरं हा एक निराळा, फार गुणी पदार्थ आहे. त्यात चरबी जवळजवळ नसते, साखर काढलेली असते, त्यामुळे ते वर्षानुवर्षं टिकतं आणि फेस सुरेख धरतं. नाताळच्या केकवरचं पांढरंशुभ्र घट्ट आयसिंग, मरँग, मॅकरून यांसाठी व्यावसायिक बेकर ते मुद्दाम वापरतात. ताज्या कच्च्या पांढऱ्याची भीती त्यात नसते. बलकाची पूड मेयोनेजच्या कारखान्यांची लाडकी, कारण तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवण्याचा बलकाचा गुण सुकल्यावरही टिकतो.

मापाबद्दल एक कळकळीची विनंती आहे: वजन करा. चमचा किती सपाट, पूड किती हलकी, यावर अंडं अर्ध्याचं दीड होतं. अख्ख्या अंड्याची पूड १२ ग्रॅम आणि पाणी ३६ ग्रॅम, म्हणजे एकास तीन. हे एक मध्यम अंडं. पांढऱ्याच्या पुडीला सातपट पाणी लागतं, बलकाच्या पुडीला जेमतेम तिच्याएवढंच. पाणी एकदम ओतू नये. आधी थोडं घालून घट्ट पेस्ट करावी, मग उरलेलं घालावं. गुठळ्या होत नाहीत.

पुडीला सगळ्यांत साजेसा पदार्थ मला गोव्यात सापडला. नाताळात तिथे रवा आणि ओल्या नारळाचा जो केक होतो, बात्क, त्याचं पीठ रात्रभर मुरवतात. रवा फुगायला तो वेळ लागतोच. पुडीलाही नेमका तोच वेळ हवा असतो. पाव किलो बारीक रव्यात तीन अंड्यांची, म्हणजे ३६ ग्रॅम पूड आणि चमचाभर बेकिंग पावडर चाळून घ्यावी. शंभर ग्रॅम लोणी आणि दोनशे ग्रॅम साखर हलकी होईतो फेटावी. त्यात एका नारळाचा बारीक वाटलेला चव, चिमूटभर मीठ, वेलची आणि रव्याचं मिश्रण घालावं. पुडीसाठीचं ११० ग्रॅम पाणी आणि वर लागेल तसं थोडं नारळाचं दूध घालून पीठ सैलसर करावं. पूर्वी ते ओट्यावरच झाकून ठेवत. पुडीचं पीठ मात्र फ्रीजमध्येच मुरवावं. सकाळी बाहेर काढून तासाभराने १८० अंशांवर पाऊण तास भाजावं. वर तांबूस जाळी धरते, आत रवा-नारळ ओलसर राहतो. ताज्या अंड्याच्या बात्काशेजारी हा ठेवला, तर याचा पोत किंचित जास्त घट्ट असतो, आणि मला तो चहाबरोबर कापायला जास्त बरा वाटतो.

साठवण हा आपल्याकडे खरा कस आहे. इंग्लंडच्या पत्रकात लिहिलेलं असे, की झाकण घट्ट लावून डबा थंड, कोरड्या जागी ठेवा. कोकणात जुलैमध्ये कोरडी जागा कुठून आणायची? ही पूड हवेतलं पाणी ओढून घेते, दगड होते, आणि ओल लागली की तिचं सगळं रसायन पुन्हा चालू होतं. आगोटीची बेगमी भरताना आपण डाळी, तिखट, सुकट जशी उन्हं दाखवून बरण्यांत भरतो, तशी ही मात्र उन्हात घालायची नाही. उष्णता तिची वैरीण. न फोडलेलं पाकीट अंधाऱ्या, गार कपाटात, फोडलेलं काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत आणि बरणी फ्रीजमध्ये. चमचा कोरडा ठणठणीत. फोडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवावी. रंग मळका झाला किंवा उघडल्यावर खवट वास आला, तर हळहळ न करता टाकून द्यावी.

गंमत अशी, की ही पूड आपल्या घरांत अनोळखी असली तरी आपल्या देशात भरपूर बनते. २०२३-२४मध्ये भारतात सुमारे १४,२७७ कोटी अंडी झाली. जगात आपला क्रमांक दुसरा. तामिळनाडूतला नामक्कल हा अंड्यांचा जिल्हा, आणि शेजारच्या ईरोडजवळ एसकेएम एग प्रॉडक्ट्ससारखे कारखाने अंडी फोडून, सुकवून युरोप-जपानकडे पाठवतात. तिकडच्या पास्त्यात, केकच्या तयार मिश्रणांत, मेयोनेजमध्ये ही भारतीय पूड जाते. आपल्या किराणा दुकानात ती मागितली, तर बहुतेक वेळा दुकानदार व्यायामवाल्यांचा प्रोटीनचा डबा पुढे करतो. मराठी घरात बेकिंग आलं तेच मुळी ‘एगलेस’ केकच्या वाटेने, कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणि दही-सोडा घेऊन. अंडं खाणाऱ्या घरांतही केकचं अंडं वेगळं, संकोचाचं राहिलं. पूड कपाटात यायला जागाच झाली नाही.

ताज्या अंड्याचा पुरवठा किती नाजूक असतो, हे मात्र महाराष्ट्राने फार जवळून पाहिलं आहे. फेब्रुवारी २००६मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, अंडी नष्ट करावी लागली, आणि त्या तालुक्याचा भरात आलेला धंदा काही दिवसांत जमीनदोस्त झाला. २०२१मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. अमेरिकेत मार्च २०२५मध्ये याच रोगापायी डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला होता. तिथल्या मराठी घरांत तेव्हा अंडी मोजून वापरली जात होती, आणि आणीबाणीच्या साठ्याची सवय असलेल्या अमेरिकन शेजाऱ्यांच्या कपाटांत सुक्या अंड्यांचे डबे होते.

हे सगळं वाचताना-करताना माझ्या डोक्यात राहून राहून येतात त्या धडगावच्या आणि मेळघाटातल्या अंगणवाड्या. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली आदिवासी भागातल्या लहान मुलांना अंडं मिळतं. जी खात नाहीत त्यांना केळी. पावसाळ्यात यातल्या कित्येक पाड्यांची वाट तुटते. नर्मदाकाठच्या गावांना तर बोटीनेच जावं लागतं. अशा वेळी दहा किलो पूड म्हणजे आठशेच्या वर अंडी, न फुटणारी, महिनोन्‌महिने टिकणारी. पहिल्यांदा हे गणित मांडलं, तेव्हा मला वाटलं, उत्तर सापडलं.

पण अंड्याच्या बाजूने मुलांच्या आहारासाठी झगडणारे लोक जो मुद्दा मांडतात, तो फार जोरकस आहे. दुधात पाणी घालता येतं, डाळीचं वरण पातळ करता येतं. अंड्यात भेसळ करता येत नाही. मुलाच्या हातात अख्खं अंडं पडलं, की ते अख्खंच असतं. त्याची आई, आजी, गावातलं कुणीही बघून सांगू शकतं, की मिळालं का आणि नासलेलं तर नाही ना. टरफल काढून टाकलं, की ही तपासणी गावाच्या हातून निसटते आणि कुठल्यातरी कारखान्याच्या, ठेकेदाराच्या, गोदामाच्या हाती जाते. घरपोच आहाराच्या पाकीटबंद पुड्यांबद्दल आपल्याकडे वर्षानुवर्षं तक्रारी येत राहिल्या आहेत. त्याच वाटेने अंडंही पाठवायचं, तर त्या मुलाच्या आईला पाकिटातलं अंडं अंडंच आहे हे कसं कळणार? त्यात शाळेतल्या आठवड्याच्या एका अंड्याचा निधीसुद्धा राज्य सरकारने जानेवारी २०२५मध्ये, योजना सुरू होऊन जेमतेम वर्ष उलटल्यावर, काढून घेतला. सुकं अंडं ताज्याच्या जागी आणण्याची पळवाट कुणाच्या हाती द्यायला मी म्हणूनच तयार नाही.

ब्रिटनमध्ये पूड चालली, कारण ती ताज्या अंड्याच्या वर मिळत होती. आठवड्याचं एक अंडं बंद करून तिचा डबा दिला नव्हता. घरोघर सारख्याच वजनाचा डबा जाई, त्यावर आत किती अंडी आहेत ते छापलेलं असे, आणि वापरायचं कसं हे रोज सकाळी रेडिओ सांगे. एवढं करूनही साल्मोनेला सुटला नाही. त्यासाठी पुढे कायदे करावे लागले. मेळघाटात जून ते सप्टेंबर, रस्ता तुटलेल्या दिवसांपुरतीच, पाश्चरीकृत आणि साखर काढलेली पूड द्यायची झाली, तर एवढ्या गोष्टी आधी व्हायला हव्यात: प्रत्येक पाकिटावर उत्पादनाची तारीख आणि अंड्यांची संख्या मराठीत, एका वेळी संपेल असंच लहान पाकीट, तालुक्यात तपासणीची सोय, आणि अंगणवाडी-ताईंना धिरडं, उपमा, शिरा यांत ती शिजवायचं नीट शिक्षण. वाट सुरू झाली, की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा टरफलातलं अंडं.